बगळ्याची पाठ कशी लागली

५ जानेवारी

रोज लिहायचा संकल्प एक तारखेला केला आणि चार दिवस काही लिहिलं नाही. आज मात्र लिहिणं भाग आहे.

संस्थेचे अध्यक्ष काकासाहेब यांनी केबिनमध्ये बोलावलं. चहा सांगितला नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं. म्हणाले, "राजकुमार सर, कॉलेजचं कुस्ती केंद्र मार्चअखेर बंद करायचं. तिथं बॉक्स क्रिकेटचं टर्फ टाकू, तासावर भाड्यानं जातं. कुस्तीनं संस्थेला काय दिलं? माती."

मी विचारलं, माझं काय. मी या कॉलेजचा क्रीडा संचालक आहे आणि कुस्ती केंद्र आहे म्हणूनच हे पद आहे. तर म्हणाले, "तुम्हाला सोयगावच्या कॉलेजात पाठवू. हवा चांगली आहे तिथली."

असेल चांगली. पण माझं घर सिडकोत, सुलेखा इथल्याच एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि माझा रविवारचा कॅरमचा डावही इथंच. सोयगावात मी हवा खाऊन राहू का?

म्हणून ठरवलं, कुस्ती वाचवायची. हे मी केवळ खेळावरच्या प्रेमापोटी करतोय, याची इथं नोंद असावी.

७ जानेवारी

आज आखाड्यात गेलो. खरं सांगायचं तर मी कॅरमचा माणूस. विद्यापीठाचा कलर होल्डर, म्हणजे विद्यापीठाच्या संघातून खेळलेला. कुस्तीचा संघ स्पर्धेला नेताना प्रवासाची व्यवस्था मी चोख ठेवतो, पण मातीच्या हौद्यात आजवर पाय ठेवलेला नाही. मला मातीची ॲलर्जी आहे.

बद्रीनाथ वस्ताद लाल मातीत ताक ओतत होते. त्यावर लिंबं पिळली, तेल घातलं आणि मूठ मूठ हळद टाकून माती खालवर केली. "मातीला जेवायला घालावं लागतं सर," म्हणाले, "तवा ती पोरांचं अंग सांभाळती." मी केंद्र बंद होणार हे सांगितलं. वस्ताद तशीच माती उकरत राहिले. बोलली ती मोनिका.

ही आमची सगळ्यात चांगली मल्ल. वैजापूरकडची, घरी कांदा आणि कापूस. तिची पाठ आजवर कुणी मातीला लावलेली नाही. केंद्र गेलं की हॉस्टेलची खोली जाते, आणि खोली गेली की मोनिका घरी. घरी तिच्यासाठी दोन स्थळं तयारच आहेत. म्हणाली, "सर, त्यातला एक जण माझ्या एका हाताचा बी नाय. तुम्ही कायतरी करा."

मी म्हटलं, करतो. जाताना वस्तादांनी पाठीवर थाप मारली, त्यांचा पंजा माझ्या पांढऱ्या शर्टावर उमटला. घरी सुलेखा म्हणाली, "अहो, हळदीचा डाग आहे तो. साबण लावू नका, नुसत्या पाण्यातून काढून उन्हात टाका, आपोआप जाईल." मग वर्गात सांगावं तसं पुढं बरंच काही सांगत होती. मी फोनवर होतो. शर्ट पावडर टाकून मशीनला लावला. बाहेर आला तर पाठीवर तांबडालाल पंजा. मशीन जुनं झालंय, बदलायला हवं.

१२ जानेवारी

फत्ते. माझा कॅरममधला जोडीदार सोमनाथ वाळूजला एका कपडे धुण्याच्या पावडरीच्या कंपनीत आहे. बगळा पावडर. त्याच्या ओळखीनं कंपनीचा ब्रँड मॅनेजर प्रणय आज आखाडा बघायला आला. पुण्याचा, चिकणा मुलगा, पांढरे बूट. वस्तादांनी बूट काढायला लावले, मग तो पांढऱ्या मोज्यांवर हौद्यात उतरला आणि मोबाइल वर धरून गोल फिरला.

"सर, स्टोरी काय आहे तुमची? ब्रँडशी कनेक्ट काय?" असं त्यानं विचारलं. मी वस्तादांकडे बोट दाखवलं. त्यानं त्यांना डावांची नावं विचारली. वस्ताद सांगू लागले, ढाक, एकेरी पट, कलाजंग, धोबीपछाड. प्रणय जागीच उभा राहिला.

"धोबी? म्हणजे कपड्यांचा धोबी?"

"दुसरा कोणता असतो?" वस्ताद म्हणाले. "धोबी कपडा खांद्यावरनं दगडावर आपटतो, तसा गडी आपटायचा."

प्रणयनं तिथूनच मालकांना फोन लावला. मला वाटतं, आपलं काम झालं.

१३ जानेवारी

प्रणयचा फोन. मोजे हॉटेलच्या लाँड्रीतून लालभडक होऊन आले. म्हणाला, तुमच्या शहराच्या पाण्यात काहीतरी प्रॉब्लेम आहे. मी म्हटलं, आमच्याकडे पाणीच आठ-आठ दिवसांनी येतं, त्याला रंग बदलायला वेळ कुठला. तरी शहराच्या वतीनं माफी मागून टाकली. गरज आपल्याला आहे.

१९ जानेवारी

कंपनी केंद्राचा सगळा भार उचलायला तयार आहे. काकासाहेब एवढे खूश झाले की आज दोनदा चहा सांगितला. फक्त कंपनीच्या काही अटी आहेत.

केंद्राचं नाव "बगळा कुस्ती केंद्र". सगळ्यांचे कपडे पांढरे. आखाड्यात मारुतीच्या तसबिरीशेजारी तेवढ्याच आकाराचा बगळा. यावर वस्ताद भडकले. शेवटी बगळा समोरच्या भिंतीवर लावायचं ठरलं. आता मारुती आणि बगळा दिवसभर एकमेकांकडे बघत असतात आणि पोरं मधे कुस्ती खेळतात.

शेवटची अट, प्रत्येक कुस्ती धोबीपछाडवरच जिंकायची. मोनिका म्हणाली, "समोरची अंगावर आलीच नाय तर खांद्यावर कशी घेऊ?"

प्रणय म्हणाला, "आपण तिला यायला सांगू ना."

पोरं हसली. मला यात हसण्यासारखं काही दिसलं नाही, नियोजन म्हणतात याला.

२६ जानेवारी

झेंडावंदनाला बगळा आला होता, म्हणजे पोशाखातला माणूस. काकासाहेबांनी त्यालाही नारळ दिला. पंखात नारळ धरता येईना, तो घरंगळत प्राचार्यांच्या पायावर गेला. बाकी कार्यक्रम चांगला झाला.

३१ जानेवारी

आज प्रणयनं उद्घाटनाचा आराखडा दाखवला. बावीस फेब्रुवारीला मालक इंद्रजीतशेठ येणार, मोठा मंडप, गावोगावचे लोक, कॅमेरे. मुख्य आकर्षण एक कुस्ती, डाग विरुद्ध बगळा. बगळा होणार विशाखा, जिचे व्यायामाचे व्हिडिओ लाखो लोक बघतात. आणि डाग होणार आमची मोनिका, काळ्या कपड्यांत. बगळा डागाला धोबीपछाड मारणार, डाग चितपट. पंच मी.

मी विचारलं, आणि डाग जिंकला तर? प्रणय म्हणाला, "सर, डाग कसा जिंकेल? पावडर कोण घेईल मग?"

बरोबर आहे त्याचं. संध्याकाळी आखाड्यात जाऊन सांगितलं. मोनिकाचं तोंड एवढंसं झालं. "खोटी पाठ लावायची सर?" वस्ताद म्हणाले, "ह्याला नुरा म्हणत्यात सर. या मातीत नुरा आजवर झालेली नाय."

मी चिडलो. म्हटलं, नुरा नको तर टर्फ घ्या, तुमची ती माती टर्फखाली गाडली जाईल आणि मोनिका जाईल वैजापूरला पोहे द्यायला. अर्धा मिनिट पाठ टेकवली तर सगळं वाचतंय. मोनिकाच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तरी काय करू? घरी येऊन जेवलो नाही. थोडंसंच जेवलो.

३ फेब्रुवारी

माणसं समजावली की समजतात. आज घरी आलो तर वस्ताद आणि मोनिका आमच्या स्वयंपाकघरात सुलेखाशी बोलत बसले होते. मला बघून तिघंही एकदम गप्प झाले. वस्ताद उठून उभे राहिले. हे लोक मला किती मान देतात ते मला आज कळलं.

वस्ताद म्हणाले, "आम्ही इचार केला सर. तुमी म्हणताल तसं होऊ द्या." असं म्हणून लई गोड हसले. मोनिकाही हसली. सुलेखा कपाटात काहीतरी शोधत होती, तिची पाठच होती आमच्याकडे.

वस्तादांची एकच मागणी. "पाहुणे मोठे, तवा मातीला सणाचं जेवण पाहिजे. हळद जरा जास्त लागंल." मी म्हटलं, बेशक. सुलेखा म्हणाली, "हळद मी आणते. गुलमंडीच्या बाजारात जाऊन स्वतः बघून आणते." लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदाच ही माझ्या कामात एवढा रस घेतेय. मन भरून आलं.

८ फेब्रुवारी

विशाखाचा सराव. मुलगी चांगली आहे, पण मातीला घाबरते. पहिल्या दिवशी हौद्याच्या काठावर रुमाल अंथरून बसली. मोनिकानंच तिला आत नेलं, पडायचं कसं ते शिकवलं. आता दोघी हसतखिदळत असतात, एका ताटात जेवतात. कालपासून विशाखा मोनिकाला "वस्ताद" म्हणते.

मात्र तिला धोबीपछाड जमत नाही. मोनिकाला खांद्यावर घ्यायला गेली की तिथंच खाली बसते. प्रणय म्हणाला, एडिटिंगमध्ये बघू.

रात्री तो आमच्याकडे जेवायला होता. सुलेखानं त्याला फार आपुलकीनं विचारलं, "बगळ्याचा मळलेला पोशाख मंचावर धुवून दाखवणार ना? तुमचीच पावडर वापरणार? सोडा भरपूर असेल ना हो तिच्यात?" तो म्हणाला, "मॅडम, आमच्याइतका कुणाच्यातच नाही." सुलेखानं त्याला आणखी एक पुरणपोळी वाढली. पुढं त्यानं सांगितलं की त्यांच्या प्रयोगशाळेत सगळे डाग तपासतात, चहा, शाई, गिरीस. "घरी कपडे कोण धुतं?" सुलेखानं विचारलं. "मावशी," तो म्हणाला.

१७ फेब्रुवारी

पोट बिघडलंय. लिहीत नाही.

२१ फेब्रुवारी

माती बघून आलो. पिवळीधमक झालीय, नवरदेवाला उटणं लावावं तशी. सुलेखानं आणलेली सगळी हळद वस्तादांनी आत घातली. मी म्हटलं, अहो जास्त नाही ना झाली? म्हणाले, "लग्नघरी हळद कवा जास्त हुती व्हय?"

२२ फेब्रुवारी

सगळं क्रमानं लिहितो.

मंडप खचाखच. वैजापूरकडून ट्रॅक्टर भरभरून लोक आले होते. मंचावर काचेच्या दाराचं मोठं वॉशिंग मशीन, त्याचं चित्र मागच्या पडद्यावर. इंद्रजीतशेठ अंगभर पांढरे, सदरा, धोतर, टोपी. काकासाहेबांनी भाषणात कुस्तीवरचं आपलं लहानपणापासूनचं प्रेम सांगितलं. मलाही ते आजच कळलं.

मग कुस्ती. मोनिका काळ्या कपड्यांत, विशाखा पांढऱ्याशुभ्र बगळ्याच्या पोशाखात, पंख आणि चोचीसकट. मी शिट्टी वाजवली. दोघींनी माती कपाळाला लावली आणि भिडल्या. खडाखडी झाली. ठरल्याप्रमाणे मोनिका अंगावर गेली, विशाखानं तिला खांद्यावर घ्यायचा जोर केला आणि नेहमीप्रमाणे खाली बसली. पुन्हा उठली, पुन्हा बसली. लोक हसायला लागले. तेव्हा मोनिका तिच्या कानात म्हणाली, मी जवळ होतो म्हणून ऐकलं, "ताई, आता मी दावू का?" आणि बगळा म्हणाला, "दाव."

पुढचं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच झालं. बगळा मोनिकाच्या खांद्यावरून वर गेला, पंख पसरले आणि पाठीवर मातीत. अशी स्वच्छ धोबीपछाड मी आयुष्यात पाहिली नव्हती. चोच उडून पहिल्या रांगेत काकासाहेबांच्या मांडीवर पडली. विशाखा आडवी पडूनच हसत होती.

हौद्याच्या काठावरून प्रणय दबक्या आवाजात ओरडत होता, "सर, बगळा! बगळ्याचा हात!" मला सोयगाव दिसलं. तिथली चांगली हवासुद्धा दिसली. माझा विचार पक्का होता, बगळ्याचा हात वर करायचा. पण मोनिका माझ्याकडे बघत होती, धापा टाकत, कपाळाला पिवळी माती. आणि मी तिचाच हात वर केला. का केला ते आता कितीही विचार केला तरी सांगता येणार नाही. माझ्या अंगात एकदम काहीतरी भरून आलं आणि मला फार आनंद झाला, कॅरमचा कलर मिळाला त्या दिवशी झाला होता त्याहून जास्त.

लोकांनी मंडप डोक्यावर घेतला. फेटे उडाले.

प्रणयनं प्रसंग सावरायला माइक घेतला. "डाग जिंकला असं तुम्हाला वाटतंय, पण खरी कुस्ती आता आहे." बगळ्याचा मळलेला पोशाख मशीनमध्ये गेला. तेवढ्यात वस्ताद इंद्रजीतशेठकडे गेले, ओंजळ भरून माती घेऊन. मोठ्या पाहुण्याच्या खांद्याला आखाड्याची माती लावतात, तो मान असतो. वस्तादांनी शेठना एवढा मान दिला की सदरा कमरेपर्यंत पिवळा झाला. शेठही हौशी. त्यांनी तिथंच सदरा काढला आणि म्हणाले, "हाही टाका. बगळ्याचा मालक बगळ्यावर भरवसा ठेवतो."

पावडरीचा अख्खा पुडा ओतला. मशीन फिरू लागलं. पडद्यावर आधी पिवळं पाणी दिसलं, मग नारिंगी, मग लाल. लोक पुढं सरकले. दार उघडलं तेव्हा आतून बगळा निघाला तो कुंकवात बुडवून काढल्यासारखा, आणि पाठोपाठ शेठचा सदरा तसाच. बायकांच्या रांगेतून एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "आगं बया, हळदीला साबण लावलं व्हय? येवढी मोठी मान्सं आन् येवढं ठावं नाय?" मग ज्या बायका हसायला लागल्या त्या थांबेनात. कुणीतरी म्हणालं, हळद झाली, कुंकू झालं, आता वाण द्या आणि घरी सोडा.

शेठ बनियनवर उभे. प्रणय मोज्यांकडे बघत होता, बहुतेक त्याला काहीतरी आठवलं.

जी गोष्ट मंडपातल्या एकूण एक बाईला ठाऊक होती ती सुलेखानं मला आधी सांगायला काय हरकत होती? पण तिला जाब विचारायची सोय नव्हती. माझी फजिती बघून बिचारी तोंडाला पदर लावून खुर्चीत वाकली होती, खांदे गदगदत होते. मोनिका तिला सावरत होती. एवढं रडताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

२३ फेब्रुवारी

कंपनी गेली. भिंतीवरचा बगळासुद्धा काढून नेला. काकासाहेबांनी फोनवर मला जे ऐकवलं ते या वहीत लिहिण्यासारखं नाही.

२५ फेब्रुवारी

काकासाहेबांनी बोलावलं. चहा आला. मी घाबरलो.

तो व्हिडिओ म्हणे सगळीकडे फिरतोय. वैजापूर तालुक्यातून त्यांना दिवसभर फोन चालू आहेत, आमच्या पोरीची कुस्ती बंद करणार असं ऐकतो ते खरं का म्हणून. काकासाहेबांना पुढची निवडणूक तिकडूनच लढवायचीय. म्हणाले, "सर, टर्फवर मतं उगवत नाहीत. केंद्र चालूच राहील. त्या पोरीचा सत्कार माझ्या हातून ठेवा, आणि तिच्या वडिलांना माझ्या शेजारी बसवा. स्थळंबिळं बघू नका म्हणावं."

मी खुर्चीतून उठून त्यांचे हात धरले. तेव्हा म्हणाले, "थांबा. कंपनीची जी बेइज्जती झाली तिला कुणीतरी जबाबदार दाखवावं लागेल. तर तुम्ही सोयगावला जा. आणि तिथंही कुस्ती केंद्र काढा. तुम्हाला आता अनुभव आहे."

२ मार्च

निरोप घ्यायला आखाड्यात गेलो. हॉस्टेलच्या खोलीला मोनिकानं नवीन पडदा लावलाय तो तिनं मुद्दाम दाखवला. मग पाया पडली. म्हणाली, "सर, तुम्ही हात वर नसता केला तर मी तुमच्याशी आयुष्यात बोलले नसते."

वस्तादांनी एक पोतं भरून ठेवलं होतं. नवी तालीम काढायची तर जुन्या तालमीची माती घालावी लागते, विरजणासारखी, नाहीतर नवी माती लागत नाही. पण पोतं आयतं द्यायला तयार होईनात. "पहिली ओंजळ तुमी भरा." मी बूट काढले, मोजे काढले आणि हौद्यात उतरलो. माती गार होती. ॲलर्जी वगैरे काही झालं नाही.

घरी सुलेखा बॅग भरत होती. दर शनिवारी येणार म्हणाली, आणि मग उगाचच, "मला त्या दिवशी तुमचा फार अभिमान वाटला." मी विचारलं, मग रडलीस का एवढी? ती माझ्याकडे बघत राहिली आणि पुन्हा पदर तोंडाला लावून आत गेली. फार हळवी आहे.

१४ मार्च, सोयगाव

हवा खरंच चांगली आहे.

कॉलेजमागं हौदा खणून घेतला. ताक, लिंबं, तेल, हळद सगळं घातलं, आणि शेवटी वस्तादांचं पोतं. खालवर मीच केली, कंबर धरलीय.

आज पहिली पोरगी आली. कृष्णा नावाची, दहावीत आहे, बापाला घेऊन आलेली. दंड बघून मी ओळखलं, ही पुढं जाणार. तिनं हौद्याच्या काठावर चप्पल काढली आणि आत यायच्या आधी विचारलं, "सर, आमच्या जत्रंत पैसं देऊन कुस्त्या पाडत्यात. हितं नुरा चालती का?"

मी म्हटलं, "या मातीत नुरा आजवर झालेली नाही."

ती आत आली. बाप काठावर बसला. मग जोर कसे मारायचे ते दाखवायला गेलो आणि तोंडावर पडलो. दोघंही हसले नाहीत, मला बरं वाटलं.

शर्टाला पुढून मागून हळद लागलीय. कंपनीनं दिलेल्या पावडरीचा एक खोका अजून पडून आहे, पण शर्ट नुसत्या पाण्यातून काढून उन्हात टाकलाय.